पेटीतली शाल आणि विलायती डोलमन

मराठीत आपण लुगडे नेसतो, चोळी घालतो, शाल पांघरतो आणि दागिना लेतो. एवढी क्रियापदे हाताशी असलेल्या आम्हां दोघी जावांपुढे मध्यंतरी असे एक वस्त्र येऊन पडले, की ते घालावयाचे म्हणावे की पांघरावयाचे, याचाच निवाडा होईना. त्याचे नाव डोलमन. १८७० ते १८९० च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील सुखवस्तू स्त्रिया घराबाहेर पडताना झग्यावरून जी नाना प्रकारची आच्छादने घेत, त्यांतला हा एक प्रकार. मागून पाहिले तर पाठीला बेतून शिवलेला कोट, पुढून पाहिले तर खांद्यांवरून सोडलेली शाल. बाही आहे म्हणावे तर हात वर उचलत नाही. नाही म्हणावे तर दोन्ही मनगटे कापडाच्या झोळीत सुखाने विसावलेली. नाव मूळचे तुर्की. ते हंगेरीच्या घोडेस्वारांच्या आखूड अंगरख्याला मिळाले आणि पुढे फॅशनच्या बाजारातून बायकांच्या अंगावर आले. शब्द असे प्रवासाला निघाले म्हणजे मूळ वस्तू वाटेत कुठेतरी गळून पडते आणि नाव तेवढे मुक्कामाला पोहोचते.

आमच्या ग्वाल्हेरच्या घरात हा डोलमन आला तो वस्त्र म्हणून नव्हे, कागद म्हणून. आमच्यातल्या थोरलीची लेक स्कॉटलंडात ग्लासगो येथे एका नाटकमंडळीच्या कपडेपटात काम करते. त्या मंडळीने २०२४ च्या मे महिन्यात एक जुन्या काळातले नाटक करावयाचे ठरविले होते आणि त्यातल्या घरधनिणीला १८८४ सालचा पोशाख हवा होता. तिकडे शिवणारे हात थोडे आणि मजुरी भारी. इकडे दोघीजणी, उषाचे पायमशीन आणि दुपार मोकळी. तेव्हा २०२३ च्या पावसाळ्यात टपालाने एक जाड पाकीट आले. आत एका जुन्या डोलमनवरून नव्याने छापलेला कागदी नमुना होता, नटीची मापे होती, आणि दोन पानांचे पत्र होते. पहिल्या पानावर काम काय ते होते. दुसऱ्या पानाविषयी पुढे सांगू, कारण घरात जे काही झाले ते त्या दुसऱ्या पानामुळे झाले.

ज्या भगिनींनी शिवणवर्गात मापे घेऊन स्वतः खडूने बेतावयास शिकले आहे, त्यांना विकत मिळणाऱ्या कागदी नमुन्याचे थोडे हसू येते. आम्हांलाही येत असे. परंतु त्यामागचा इतिहास ऐकला म्हणजे हसू मावळते. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांत कापलेले कागदी नमुने विकावयास काढले. त्याच्या थोडे आधीपासून न्यूयॉर्कच्या मॅडम डेमोरेस्ट यांचे नमुने निघत होतेच. शिवणयंत्र नुकते घरोघर शिरू लागले होते. यंत्र होते, कापड होते, पण कात्री कुठे फिरवावी हे सांगणारा शिंपी गावोगाव नव्हता. ते काम कागदाने केले. हे पहिले नमुने पातळ टिश्यू कागदाचे असत आणि त्यांवर छापलेले काहीही नसे. नुसती छिद्रे आणि कडेच्या खाचा. त्यांवरून कुठला तुकडा कुठे जोडावा ते ओळखावयाचे. मासिकांबरोबर येणारे तक्ते तर त्याहून कठीण. १८६७ साली निघालेल्या ‘हार्पर्स बझार’च्या पुरवणीत एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांचे तुकडे एकमेकांवर छापलेले असत; कुणाची रेघ तुटक, कुणाची ठिपक्यांची, कुणाची साखळीसारखी. आपली रेघ हुडकून दातेरी चक्रीने ती खालच्या कागदावर उतरवून घ्यावी लागे. त्या काळच्या गृहिणींच्या डोळ्यांना आमचा दंडवत.

आज हे जुने नमुने पुन्हा छापणारे लोक निरनिराळ्या मार्गांनी जातात. कुणी जुने टिश्यू मिळवून त्यांची नक्कल करतात, कुणी मासिकांतले तक्ते मोठे करून घेतात, आणि कुणी टिकून राहिलेल्या प्रत्यक्ष कपड्याची मापे घेतात. या शेवटच्या वाटेची मळवाट ज्यांनी केली त्या इंग्रज विदुषी जॅनेट अर्नोल्ड. संग्रहालयांतले कपडे टेबलावर पसरून, शिवण न शिवण मोजून, इंचाला अष्टमांश इंच या प्रमाणात त्यांनी आकृत्या काढल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९६४ साली आले. आमचा विश्वास याच जातीच्या नमुन्यावर बसतो. तक्ता काढणाऱ्याने काय व्हावे असे ठरविले होते ते तक्त्यात दिसते. कपड्यात काय झाले ते दिसते. आमच्या पाकिटातला नमुना अशाच एका कपड्यावरून घेतलेला होता. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवावी लागली: कागदात माया धरलेली नव्हती. रेघ होती ती शिवणीची. कात्रीची रेघ आपली आपण सोडावयाची.

रीतीप्रमाणे आधी मांजरपाटाचा कच्चा डोलमन टाचला. तो घालून पाहावयास शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मिळाली, कारण तिची मापे त्या नटीशी बोटभर फरकाने जुळत होती. पहिल्यांदा पाहावे तो पाठीमागे कापड ओघळून सगळे रूप एखाद्या भिजलेल्या छत्रीसारखे. मग उलगडा झाला, की १८८४ सालच्या बाईला मागे बसल होते. बसल म्हणजे कमरेखाली मागच्या बाजूस बांधावयाची गादी किंवा पिंजरा; त्यामुळे झगा मागे एखाद्या फळीसारखा उचलून धरला जाई. डोलमनची पाठ कमरेशी संपून त्या उंचवट्यावरून दोन्ही बाजूंस उतरते. आम्ही जुन्या उशीतला कापूस काढून अर्धचंद्राकृती गादी शिवली, नाडीने त्या मुलीच्या कमरेला बांधली, आणि काय सांगावे, तेच कापड एकदम शहाण्यासारखे बसले. मुलीची आजी दारातून पाहत होती. ती म्हणाली, “आमच्या काळी बायका हे लपवीत असत, आणि तुम्ही मुद्दाम बांधता?”

बेतणीचे बाकीचे मर्मही त्या आठवड्यात कळले. खांद्याची शिवण आपल्यासारखी खांद्याच्या माथ्यावर नसून मागे पाठीकडे उतरलेली असते. पाठ अगदी अरुंद. बाहीला स्वतंत्र मुंढा नाहीच. बाहीची मागची कड खांद्यापासून कमरेपर्यंत थेट पाठीच्या शिवणीत जाते आणि खालची कड आत दुमडून तिची झोळी होते. आत कमरेशी एक मजबूत फीत असते. ती पोटावर बांधली की पाठ अंगाला चिकटून राहते आणि पुढची दोन टोके मोकळी लोंबतात. फीत नसेल तर सगळा डोलमन मानेवर ओढला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला ती कधी दिसत नाही, परंतु सारा भार तिच्यावर. आमच्या पाहण्यातल्या कैक घरांतून अशा फिती आहेत, असो.

त्या मुलीला डोलमन घालून दाराची वरची कडी काढावयास सांगितले. निघेना. वेणी घालता येईना, छत्री उघडता येईना. दोन्ही हात पोटाशी धरून ती शांतपणे उभी राहिली आणि त्या क्षणी मात्र मोठी खानदानी दिसली. कडी काढावयास दुसरे कुणीतरी घरात आहे, हे सांगणारे ते वस्त्र होते. मनात आले, १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या आणि पुढे फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत साडीनिशी वैद्यकीच्या वर्गाला जात, ते दिवस नेमके हेच. रस्त्यात समोरून येणाऱ्या बायकांच्या अंगावर ही बांधलेल्या हातांची आच्छादने त्यांनी पाहिली असतील. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी एम्. डी. पदवी घेतली आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यांच्या हातांना मोकळीक हवी होती. ऊबही हवी होती.

आता पत्राचे दुसरे पान. त्यात लेकीने लिहिले होते ते असे, की डोलमनचा जन्मच मुळी शालीतून झाला. आणि हे खरे आहे. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा पिंजरा आला व झगे घंटेसारखे फुगले, तेव्हा त्यांवर कोट बसेना, पण मोठी काश्मिरी शाल मात्र राणीसारखी पसरे. काश्मिरी शालीचे वेड तिकडे त्याआधीच अर्धशतक चढले होते. नेपोलियनची पत्नी जोसेफीन हिने शालींचे झगेसुद्धा करून घेतले होते. १८४६ च्या अमृतसरच्या तहात गुलाबसिंगाने इंग्रज सरकारला दरसाल एक घोडा, बारा शालीची बकरी आणि तीन जोड काश्मिरी शाली द्याव्यात असे कलमच होते. ज्यांना अस्सल परवडत नसे त्यांच्यासाठी स्कॉटलंडातल्या पेझली गावचे विणकर मागावर नक्कल विणीत. म्हणून आपल्या कोयरीला जगभर त्या गावाचे नाव पडले. बिचारी कोयरी! पुढे १८७० च्या आगेमागे झग्याचा फुगवटा मागे सरकला, बसल आले, आणि चौकोनी शाल त्या उंचवट्यावर बसेनाशी झाली. फ्रान्स व प्रशिया यांच्या १८७०-७१ च्या युद्धाने पॅरिसची गिऱ्हाइकी बुडाली. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळाने खुद्द काश्मिरातले विणकर मेले वा परागंदा झाले. पेट्यांतून पडून राहिलेल्या शालींचे युरोपातल्या बायकांनी काय करावे? त्यांनी कात्री घेतली व त्यांचे डोलमन बेतले. असे डोलमन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.

तेव्हा लेकीचे म्हणणे असे: “आई, काकू, पणजीबाईंची शाल पेटीत आहे. तिला कसर लागली आहे हे मला ठाऊक आहे. भोके चुकवून बेतली तर तिचाच डोलमन होईल. नाहीतर दहा वर्षांनी पेटीत नुसता भुसा उरेल.”

ही शाल आमच्या सासऱ्यांच्या पणजोबांना दरबारातून मिळालेली. शालजोडी देऊन मान करावयाचा ती रीत आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. खोल तांबडी जमीन, मधला चौक काळा, आणि पदरावर हातभर उंचीच्या कोयऱ्यांची रांग. आमची दोघींची लग्ने झाली तेव्हा आजेसासूबाईंनी गृहप्रवेशाच्या वेळी हीच शाल आमच्या खांद्यांवर क्षणभर टाकली आणि लगेच काढून घेतली. घरातल्या प्रत्येक सुनेला ती तेवढीच मिळाली आहे. पुढे आजेसासूबाईंच्या शेवटच्या आजारात ती त्यांच्या अंगावर होती.

पत्र वाचून आमच्यात दोन तट पडले. थोरली म्हणाली, कात्री लावावयाची नाही. जी वस्तू आपण मिळविली नाही ती कापण्याचा आपल्याला अधिकार नाही. धाकटी म्हणाली, कसरीला अधिकार आहे आणि आपल्याला नाही, हा कुठला न्याय? दरसाल दिवाळीनंतर उन्हात घालावयाची, डांबराच्या गोळ्या बदलावयाच्या, आणि भोके मोजून पुन्हा पेटीत ठेवावयाची; याला जपणे म्हणावयाचे की सुतक पाळणे? दोन जावांच्या संसारात अशा गोष्टी बोलून मिटत नसतात. आम्ही त्या बोलून वाढविल्या. आठ-पंधरा दिवस स्वयंपाकघरात मिठाइतकेच शब्द पडले.

शेवटी निदान बसते की नाही ते तरी पाहू, म्हणून एका दुपारी शाल सतरंजीवर पसरली आणि मांजरपाटाचे तुकडे उसवून तिच्यावर मांडले. लेकीने पाठविलेल्या माहितीत होते, की एका लांब शालीत एक डोलमन बेतून थोडे कापड उरते. कोयऱ्या पाठीवर याव्यात म्हणून पाठ पदराकडे ठेवली, पुढची दोन टोके किनारींच्या बाजूने, बाही मधल्या चौकातून. कितीही फिरवून पाहिले तरी दुसरी बाही मावेना. मापे पुन्हा घेतली: लांबी साडेपाच फूट, रुंदी साडेचार. कागद चुकला म्हणावे, तर मांजरपाट अंगावर बरोबर बसला होता. तुकडे तसेच ठेवून आम्ही दोघी बराच वेळ त्या न मावलेल्या बाहीकडे पाहत बसलो.

ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केला, तेव्हापासून हिवाळ्यात इथे शालवाले येतात. आणि शालवाल्यांच्या मागे रफूगार. २०२४ च्या जानेवारीत नजिबाबादकडचा एक वृद्ध रफूगार एका दुकानाच्या कोपऱ्यात बसलेला आढळला. नजिबाबादचे रफूगार जुन्या शालींच्या कामात नावाजलेले आहेत. कापावयाची की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे न ठेवता आम्ही एवढेच म्हटले, की भोके पाहा. त्याने शाल हातात घेतली व प्रथम उलटी केली. जाणता माणूस शाल उलटीच पाहतो. मागावर यंत्राने विणलेल्या शालीच्या पाठीला रंगीत धाग्यांची कापलेली टोके मोकळी दिसतात. हातच्या कानी शालीत प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या जागेपुरताच जातो व शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो, म्हणून पाठ स्वच्छ व जोडांच्या बारीक वरंब्यांची. आमची शाल कानी. लाकडाच्या बारीक सुयांवर रंगारंगाचे धागे गुंडाळून ती विणतात, आणि कुठे किती धागे कुठल्या रंगाचे हे ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत कागदावर लिहिलेले असते. तिथेही शेवटी कागदच. असल्या शालीला दीड-दोन वर्षे लागत. काम लवकर व्हावे म्हणून पुढे पुढे तुकडे निरनिराळ्या मागांवर विणून घेत आणि रफूगार ते जोडीत. तो आम्हांला बोटाने जोड दाखवू लागला. इथे एक, इथे एक. आमच्या डोळ्यांना अखंड दिसणारे वस्त्र त्याच्या बोटाखाली नकाशासारखे तुकड्यांचे झाले.

मग तो पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत आला आणि थांबला. त्या टोकाला कोयऱ्या नव्हत्या, एक बारीक पट्टी होती. आम्ही ती लग्नापासून पाहत होतो. त्याने विचारले, “माताजी, दूसरा पल्ला कहाँ है?” आणि आम्ही काही बोलत नाही असे पाहून म्हणाला, “यह तो आधी है.” लांब शालीला दोन पदर असतात. ही मधोमध कापलेली होती. कापलेल्या कडेला तिच्याच बाजूच्या किनारीची पट्टी लावून कुणा कुशल हाताने ती झाकली होती.

दुसरी बाही का मावेना ते आता कळले. घरी येईपर्यंत टांग्यात, म्हणजे आता टांगे कुठले, रिक्षात, आम्ही एकमेकींशी बोललो नाही. घरी आल्यावर बोललो तेव्हा दोघींनी जागा बदलल्या होत्या. थोरली म्हणाली, मूळचीच कापलेली आहे, मग आपणच काय ते पावित्र्य राखावयाचे, काप तू. धाकटीला मात्र हात लावावासा वाटेना. ती म्हणाली, एकदा कापली गेली आहे एवढे पुरे. एका आठवड्यापूर्वी हीच वाक्ये आम्ही उलट तोंडांनी बोललो होतो, आणि तेव्हाही दोघी खरेच बोलत होतो.

शाल कधी कापली गेली असेल याचा तर्क करावयास फार हुशारी लागत नाही. घरात वाटणी एकदाच झाली. आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळी वाड्यावरून दावा लागला, थोरली पाती ग्वाल्हेरात राहिली, धाकटी पाती बडोद्याला गेली. भांडी मोजून वाटली, जमीन मोजून वाटली. दरबारची शाल एकच होती, तीही मोजून वाटली असणार. त्यानंतर दोन्ही घरांत जाणेयेणे नव्हते. सुतक कळवावयाचे, लग्नाची पत्रिका पाठवावयाची नाही, असा शिरस्ता. पन्नास-साठ वर्षे तो कुणी मोडला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर मोडावा असे कुणाला वाटलेही नव्हते.

बडोद्याचा फोन क्रमांक धाकटीच्या माहेरच्या नात्यातून मिळाला. घरातल्या पुरुषमंडळींना विचारले असते तर आधी दाव्याचा निकाल वाचून दाखविला गेला असता. म्हणून विचारले नाही. फोनवर चुलत सासूबाई आल्या. वय नव्वदीच्या पुढे, आवाज खणखणीत. “कोण? ग्वाल्हेरच्या? थोरल्या पातीच्या सुना का तुम्ही?” हो म्हटले. मग एवढे अंतर तोडून काय विचारावयाचे, तर शालीचे. क्षणभर पलीकडे काही ऐकू येईना. मग त्या म्हणाल्या, “अग, तिच्या तर कुंच्या झाल्या.”

बडोद्याला गेलेला अर्धा भाग त्यांच्या सासूबाईंनी फार पूर्वीच बेतला होता. पदराच्या कोयऱ्या माथ्यावर येतील अशा तीन कुंच्या आणि उरलेल्यात एक बंडी. त्या घरात जन्मलेले प्रत्येक मूल बारशाला त्यातली एक कुंची घालते, त्यांच्या पणतवंडांपर्यंत. दोन कुंच्या विरून गेल्या, एक आहे. हे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “आणि तुमची? अजून पेटीतच?” त्या विचारण्यात टोमणा नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. टोमणा होता. परंतु साठ वर्षांनी पहिल्यांदा बोलताना सासूबाईंनी टोमणा मारावा, यात घरची माणसे समजून मारल्याचा जो भाव होता तो आम्हां दोघींना एकदमच जाणवला, आणि फोन ठेवल्यावर थोरलीला थोडे रडू आले.

ही हकिकत ग्लासगोला कळविली. लेकीचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. शाल कापू नका असे तिने आता लिहिले होते आणि कारण भावनेचे दिलेले नव्हते. नाटकाचे प्रयोग तीन आठवडे. त्यानंतर डोलमन मंडळीच्या मालकीचा, कपडेपटात नंबर लावून टांगला जाणार. “एका पेटीतून काढून दुसऱ्या पेटीत कशाला घालायची? कुंच्यांची गोष्ट निराळी, त्या अंगावर राहिल्या.” पोर परदेशी जाऊन शहाणी झाली की आधीपासूनच होती, यावर आमचा अद्याप वाद आहे.

मग डोलमन काळसर तांबड्या बनातीचा केला. बनात कापण्यापूर्वी ओल्या पंच्याखाली इस्त्री फिरवून ती आटवून घेतली आणि सगळे तुकडे लव एकाच दिशेने खाली येईल असे मांडले. एक तुकडा उलटा गेला तर दिव्याच्या उजेडात तो परक्या रंगाचा दिसतो. आत रेशमी अस्तर आणि मध्ये कापसाचा पातळ थर, दुलईसारखा धावदोऱ्याने टाचलेला. त्या काळी असल्या आच्छादनांवर बारीक डोरी टाचून नक्षी करीत. ती नक्षी कुठून आणावयाची याचा विचारच करावा लागला नाही. थोरलीने शालीच्या पदरावर पारदर्शक कागद ठेवून एक कोयरी उतरवून घेतली, सुईने टोचून तिचा खाका केला, आणि खडूची पुरचुंडी फिरवून ती पाठीवर व दोन्ही बाह्यांवर उठविली. डोरी टाचावयास आम्हां दोघींना मिळून एकोणीस दिवस लागले. खालची झालर बाजारात मनासारखी मिळेना. ती रेशमाच्या दोऱ्याच्या गाठी मारून घरीच विणली. कमरेची फीत धाकटीने शिवली, दुहेरी टिपेने. मार्चमध्ये पार्सल गेले. प्रयोगाची छायाचित्रे आली आहेत. नटी हात पोटाशी धरून उभी आहे, आणि दार दुसरेच कुणीतरी उघडते आहे.

शालीची भोके त्या रफूगाराने पुढच्या मेळ्यात भरून दिली. कापलेल्या कडेला नवा कोयऱ्यांचा पदर जोडून ती पुरी करून देतो, असेही तो म्हणाला. त्याच्या हाताने ते कुणाला कळलेही नसते. ती कड तशीच राहू दे, असे आम्ही सांगितले. २०२५ च्या उन्हाळ्यात दोघी बडोद्याला जाऊन आलो. कुंची पाहिली; तिची पाठ व टोप एकाच सलग तुकड्यातून बेतलेली आहे आणि शिवणी उलट्या टाक्याच्या, अगदी दाट. चुलत सासूबाईंची नातसून शिवणारी निघाली. डोलमनचा कागद तिला फार आवडला, म्हणून घडी करून तिच्याकडेच ठेवून आलो. स्वतःसाठी शिवते आहे. बाहीची झोळी सोडवून हात मोकळा कसा ठेवावा याची खटपट चालली आहे. परवा तिचा फोन आला होता. कागदात माया धरलेली नाही, मग किती सोडू, असे तिने विचारले. लोकरीला पाऊण इंच तरी सोड, असे आम्ही सांगितले.